कोकणात लोकरीसाठी मेंढ्या: कोणती जात घेतली तर परवडेल?

कातळावरचा_मी

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात सड्यावर आमची जमीन आहे. थोडी हापूसची कलमं, खालच्या अंगाला काजू आणि बाकी सगळा उघडा कातळ. पावसात त्या कातळावर कमरेएवढं गवत माजतं, थंडीत वाळतं आणि शिमग्याच्या आसपास कुणीतरी विडी टाकली की वणवा. गवत कापायला माणूस मिळत नाही. मिळालाच तर त्याची मजुरी ऐकून आपणच विळा हातात घ्यावा असं वाटतं.

म्हणून चरणारं जनावर पाळायचं ठरवतोय. शेळ्यांना आईचा ठाम नकार आहे, कारण शेजारच्या शेळ्यांनी आमच्या कोवळ्या कलमांच्या साली सोलल्यात. मेंढी मान खाली घालून गवत खाते एवढं मला कळतं. त्यात हल्ली मेरिनो या बारीक लोकरीच्या विलायती मेंढीचे व्हिडिओ पाहतोय. लोकर किलोला हजार रुपये, वर्षाला मेंढीमागे चार-पाच किलो, असं सांगतात. चाळीस मेंढ्या धरल्या तर आकडा डोळे दिपवणारा होतो.

प्रश्न असा की मेरिनो आपल्या हवेत टिकेल का? नसेल तर घाटावरच्या दख्खनी मेंढ्यांवर मेरिनो मेंढा लावून संकर केला तर लोकर सुधारेल का? आणि कोकणात लोकर घेतं कोण? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगावं. ‘करून बघा, शुभेच्छा’ असे प्रतिसाद नकोत.

मालवणी_माणूस

करून बघा, शुभेच्छा.

मालवणी_माणूस

मस्करी केलंय रे. पण आषाढात मेंढरां राखूक जातलंस तर आधी चाळीस इरली शिवून घे. मगे लोकरीचा बघ.

लोणंदकर

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बकरी आहेत (आम्ही मेंढ्यांना बकरीच म्हणतो). सरळ सांगतो, लोकर डोक्यातून काढून टाका.

दख्खनी मेंढी वर्षाच्या दोन कातरणी मिळून अर्धा किलोच्या आसपास लोकर देते. तुमच्या चाळीस मेंढ्यांची झाली वीस किलो. आमच्याकडं व्यापारी आला तर किलोला दहा-पंधरा रुपये बोलतो, बऱ्याचदा येतच नाही. कातरणारा डोक्यामागं पैसे घेतो, वर चहा-जेवण. म्हणजे लोकर विकून कातरणीचाही खर्च निघत नाही. तरी कातरतो, कारण नाही कातरलं तर जनावर उन्हाळ्यात धापा टाकतं आणि अंगात गोचीड-पिसवा होतात. कित्येक वाड्यांवर (मेंढपाळांच्या तळांवर) कातरलेली लोकर तिथंच बांधाला टाकून लोक पुढं जातात.

मेंढपाळाचा पैसा कोकरात आहे. त्याखालोखाल खतासाठी बकरी शेतात बसवण्याचा.

निवृत्त_नाना

लोणंदकर, तुमच्या अनुभवाचा आदर आहे, पण ‘आम्हाला परवडत नाही म्हणजे कुणालाच परवडणार नाही’ हे काही पटत नाही. दख्खनीची लोकर जाडीभरडी आहे म्हणून भाव नाही. जात बदलली तर भाव बदलेल, धागाकर्त्याचा प्रश्नच तो आहे. आणि पावसाचं म्हणाल तर निलगिरीत काय कमी पाऊस पडतो? तिथे निलगिरी जातीची मेंढी आहे, एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी विलायती मेंढे लावून तयार झालेली, आणि तिची लोकर मऊ आहे. कोडाईकनालजवळ मन्नावनूरला तर केंद्र सरकारच्या मेंढी संशोधन संस्थेचं केंद्रच आहे, तिथे भारत मेरिनो सांभाळतात. दक्षिणेत होतं ते आपल्याकडे का होऊ नये?

सड्यावरचा_डॉक्टर

नाना, निलगिरी आणि मन्नावनूर दोन्ही ठिकाणं समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या आसपास आहेत. तिथे रात्री शेकोटी लागते. राजापूरच्या सड्यावर जुलैत अंगावरचा सदरा दोन दिवस वाळत नाही. पावसापेक्षा खरी गोम दमट उष्म्यात आहे.

मी पशुवैद्य आहे, नोकरीची बरीच वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात गेली. दाट लोकरीचं जनावर कोकणात आणलं तर काय होतं ते सांगतो. लोकर भिजते आणि आत वाळत नाही. कातडीजवळ ओल राहते, जंतू वाढतात, लोकर पिवळी-हिरवी पडते, वास सुटतो. त्या वासावर माश्या येतात, अंडी घालतात आणि अळ्या कातडीत शिरतात. वरून जनावर धडधाकट दिसतं. शेपटीच्या बाजूला सारखं वळून चावत असेल तर लोकर बोटांनी फाकवून बघायची. आत तळहाताएवढा पट्टा वळवळत असतो.

दुसरं, खूर. चिखलात खुरांच्या बेचक्यात ओल राहून खूर कुजतो. लंगडी मेंढी चरत नाही, चरत नाही म्हणजे दूध नाही, दूध नाही म्हणजे कोकरू गेलं.

तिसरं, जंत. भातखाचरांच्या बांधाला ज्या छोट्या गोगलगायी असतात त्यांच्यामार्फत यकृतातले चपटे कृमी होतात. शिवाय पोटातले रक्त पिणारे गोल कृमी, ज्यांना दमट उबदार हवा म्हणजे मेजवानी. मेंढीची खालची पापणी उलटून बघा, पांढरी फटक दिसली की समजा.

आणि नीलजिव्हा (ब्लूटंग) हा रोग. चिलटांसारख्या बारीक कीटकांमुळे पसरते, पावसाळ्यात आणि लगेच नंतर. दख्खनीलाही होते, पण विलायती बारीक लोकरीच्या जाती आणि त्यांचे संकर जास्त जोराने पडतात. त्यामुळे मेरिनोला माझा सरळ नकार.

न्यू_साउथ_वेल्सचा_बंड्या

मूळचा देवरुखचा, सध्या मेंढ्यांच्याच देशात, ऑस्ट्रेलियात. मी स्वतः मेंढ्या पाळत नाही, लोकरीच्या व्यापारातल्या एका कंपनीत हिशेब बघतो. व्हिडिओवाले जे सांगत नाहीत ते सांगतो.

इथे लोकरीचा भाव मायक्रॉनवर, म्हणजे तंतूच्या जाडीवर ठरतो. मेरिनो साधारण १७ ते २२ मायक्रॉन. एखाददुसऱ्या मायक्रॉनचाही भावात फरक पडतो आणि जाडी तिशीच्या पुढे गेली की भाव तळाला. दख्खनी मेंढीची लोकर मेरिनोच्या दुप्पट जाड. मेरिनोशी पहिला संकर केला की मधली जाडी येते, आणि बाजारात त्या मधल्या मालाला मान नाही. घोंगडीला तो मऊ पडतो, सुटाच्या कापडाला जाड. शिवाय एकाच कळपात पांढरी, काळी, तपकिरी, केसाळ अशी मिसळ झाली की खरेदीदार गठ्ठा उघडूनही बघत नाही.

आता पैदाशीचं. लोकरीची जाडी आणि वजन हे गुण बऱ्यापैकी आईबापांवरून उतरतात. जाडीतला तर सुमारे निम्मा फरक रक्तातला असतो. म्हणून निवड करत गेलं तर लोकर सुधारते हे नानांचं म्हणणं तत्त्वतः खरं. पण जास्त लोकर देणारी मेंढी बहुधा जाड लोकर देते, दोन गुण उलट्या दिशांना ओढतात. इथले पैदासकार दोन्ही एकत्र सुधारायला हजारो जनावरांच्या नोंदी आणि प्रयोगशाळा वापरतात. चाळीस मेंढ्यांच्या कळपात ते होणार नाही.

आणि इथल्या लोकांचंही काही फार गोडीगुलाबीत चाललेलं नाही. सरकारी आधारभावाची योजना १९९१ मध्ये कोसळली तेव्हा गोदामांत लाखो गासड्या पडून होत्या. १९९० च्या सुमारास देशात १७ कोटी मेंढ्या होत्या, आज ७ कोटींच्या आसपास. बरेच जण आता लोकर आपोआप झडणाऱ्या डॉर्परसारख्या मटणाच्या जातींकडे वळलेत, कारण कातरणारा मिळत नाही आणि मिळाला तर त्याची मजुरी... धागाकर्त्याच्या गवत कापणाऱ्यासारखीच.

मालवणी_माणूस

म्हणजे कामगार खंयच गावना नाय. बरा वाटला.

कातळावरचा_मी

बंड्यादादा, डॉक्टर, दोघांचे आभार. पण उत्तराखंड सरकारने ऑस्ट्रेलियातून मेरिनो आणल्याचं वाचलं होतं, ते कशावर चालतं मग?

न्यू_साउथ_वेल्सचा_बंड्या

आणल्यात, २०१९ मध्ये, २४० जनावरं. हिमालयाच्या थंडीत, सरकारी फार्मवर, तिथल्या मेंढ्यांची लोकर सुधारायला मेंढे तयार करण्यासाठी. तिथे लोकर कातणारे, विणणारे, शाली करणारे आहेत. राजापुरात तुम्ही पहिली गासडी बांधाल आणि नेणार कुठे?

घोंगडीवाली

लोणंदकरांना एक विचारायचंय. आमचं घर सणगरांचं, सासऱ्यांपर्यंत मागावर घोंगड्या विणल्या जायच्या. चिंचोक्याची खळ घराघरात शिजायची, तिचा आंबूस वास अजून नाकात आहे. ती खळ ताण्याला (मागावरच्या उभ्या धाग्यांना) लावल्याशिवाय दख्खनी लोकर मागावर टिकत नाही. आणि काळ्याभोर कोकरांची पहिली कातरण, जावळ, तिची घोंगडी म्हणजे वेगळाच प्रकार. मऊ, वजनाला हलकी, रंगवायची गरज नाही.

ती काळी लोकर आता मिळतच नाही. कारण तुम्ही लोकांनी माडग्याळ जातीचे मेंढे लावले. कोकरं पांढरी, तांबड्या ठिपक्यांची, अंगावर लोकर नाही, नुसते केस. विणकर मेला तो नुसत्या यंत्रमागाच्या ब्लँकेटने नाही. तुमच्या मेंढ्याच्या निवडीनेही मेला.

लोणंदकर

ताई, तुमचं दुःख कळतं, आमच्या आजीच्या अंगावरही तीच घोंगडी असायची. पण घोंगडी हजारांत विकली जायची तेव्हाही आमच्या लोकरीला किलोला किती मिळत होतं? मधला दलाल खाऊन गेला. पोरांच्या शाळेची फी लोकरीवर भरता आली असती तर कुणी माडग्याळ मेंढा बांधला असता का?

जत तालुक्यातली ही माडग्याळ. उंच, नाक पोपटासारखं बाकदार, पाठ लांब. कोकरू चार महिन्यांत दख्खनीपेक्षा ठळक वजन धरतं, बाजारात उठून दिसतं. आटपाडीच्या बाजारात नामी मेंढ्याला लाखांत भाव लागतात ते पेपरात येतंच. आता ते भाव मटणाचे नाहीत, हौसेचे आणि पैदाशीचे आहेत, त्याच्या नादी नव्या माणसानं लागू नये. पण साधा माडग्याळ संकरही कातरणी वाचवतो आणि कोकरामागं पैसा जास्त देतो. आम्ही निवड केली ती पोटासाठी.

घोंगडीवाली

पोटासाठी केली हे मान्य. पण त्यात काय गेलं तेही मोजा. माडग्याळ मेंढी दख्खनीएवढं चालू शकते का? दुष्काळात वाळक्या कुसळांवर जगते का?

लोणंदकर

नाही जगत. तिला बांधून खाऊ घालावं लागतं. ते खरं आहे, म्हणूनच आमच्यात अजून निम्मं खांड (कळप) काळं ठेवतात.

पेणकर_भातवाला

विषय थोडा बाजूला नेतो. आमच्याकडे भातकापणी झाली की घाटावरून धनगर बंधू मेंढ्या घेऊन उतरतात, पार पाऊस जवळ येईपर्यंत रायगडात फिरतात. रात्री खाचरात वाघूर (जाळीचं कुंपण) लावून मेंढ्या बसवायच्या, लेंडी आणि मूत थेट जमिनीत. पूर्वी बदल्यात भात द्यायचो, आता पैसे. पुढच्या वर्षी त्या खाचराचं पीक लांबून ओळखू येतं. आता मला सांगा, जे लोक शेकडो वर्षं मेंढ्या घेऊन कोकणात येतात ते मृग लागायच्या आत घाट चढून परत का जातात? त्यांना इथली हिरवळ दिसत नाही का?

आणि इथेच कायम राहणारे आपले गवळी धनगर बघा. डोंगराच्या कुशीत पाड्यांवर राहतात, म्हशी-गाई सांभाळतात. मेंढी त्यांच्याकडेही नाही.

हापूसवाला

हा मुद्दा सगळ्यांत वजनदार आहे.

यावरून आठवलं, आमचे आजोबा लावणीला कांबळं घेऊनच जायचे. इरलं बायकांचं, कांबळं पुरुषांचं. भिजलं की मणभर वजन, पण आतून ऊब. ते कांबळं घाटावरूनच यायचं.

मालवणी_माणूस

आमच्या आज्याचा कांबळा भिजल्यावर जो वास मारी तो अजून घरात आसा. कांबळा कधीच गेला.

सीए_सुलभा

मंडळी, कांबळं वाळत टाका आणि हिशेबाकडे या. माझ्या माहेरी मेंढ्या होत्या, आता मी वह्या तपासते, तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलू शकते.

गृहीत धरा की चाळीस मेंढ्या आहेत आणि चार महिन्यांचं कोकरू सहा हजाराला जातं. (भाव तुमच्या बाजाराप्रमाणे बदला.) वर्षाला मेंढीमागे पाऊण कोकरू विक्रीला आलं तर तीस कोकरं, म्हणजे एक लाख ऐंशी हजार. मेंढीमागे सव्वा कोकरू आलं तर पन्नास, म्हणजे तीन लाख. गोठा तोच, राखणदार तोच, औषधं जवळपास तीच. फरक एक लाख वीस हजारांचा. आता लोकर: वीस किलो गुणिले पंधरा रुपये, तीनशे. भाव दहापट झाला, अगदी दीडशे रुपये किलो, तरी तीन हजार. म्हणजे कळपातून वर्षाला एक कोकरू कमी मेलं तरी सगळ्या लोकरीचे पैसे निघतात, वर शिल्लक.

त्यामुळे धागाकर्त्याने प्रश्नच बदलावा. ‘कोणत्या जातीची लोकर चांगली’ हे सोडून ‘कोणत्या जातीची जास्त कोकरं माझ्या सड्यावर चार महिने जगतील’ हे विचारावं.

निवृत्त_नाना

सुलभाताई, हिशेब चोख आहे. पण बंड्याने लोकरीच्या गुणांबद्दल सांगितलं तसं जास्त कोकरं हा गुण निवडीने सुधारताना दिसत नाही. जुळी देणाऱ्या मेंढीची मुलगी जुळी देईलच असं नसतं, आम्ही गावात पाहिलंय.

न्यू_साउथ_वेल्सचा_बंड्या

नाना, बरोबर पकडलंत. वेताला किती कोकरं हा गुण फार थोडा रक्तातून उतरतो, जेमतेम दहा टक्के. बाकी चारा, हवा, नशीब. साध्या निवडीने सुधारायला आयुष्य जाईल.

पण याला एक मोठा अपवाद आहे आणि त्याची गोष्ट आपल्या देशातली आहे. सुंदरबनातली गरोळ मेंढी. ठेंगणी, दहा-बारा किलोची, पण दोन-तीन कोकरं देते. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून जहाजातून ऑस्ट्रेलियात बंगाली मेंढ्या आल्या आणि त्यांचं रक्त इथल्या मेरिनोत मिसळलं. पुढे न्यू साउथ वेल्समधल्या बुरुला नावाच्या फार्मवर जुळी-तिळी देणाऱ्या मेरिनोंची ओळ प्रसिद्ध झाली. यामागे एकच जनुक आहे, फेक-बी, आणि त्यातला नेमका बदल २००१ मध्ये सापडला. एकच जनुक असल्यामुळे रक्त तपासून सांगता येतं की हा मेंढा तो गुण देणार की नाही.

लोणंदकर

आणि ते काम आमच्या शेजारी, फलटणला झालंय. निंबकर कृषी संशोधन संस्थेनं, ‘नारी’नं, गरोळचं ते जनुक दख्खनीत आणलं. ‘नारी सुवर्णा’ म्हणतात. अंगानं दख्खनीसारखी, पण जुळी देणाऱ्या मेंढ्यांचं प्रमाण बरंच जास्त. आमच्या पाहुण्यांकडं आहेत.

पण नुसतं जुळं जुळं करून नाचू नका. जुळी कोकरं जन्मतः हलकी असतात. आईला दोघांपुरतं दूध पाहिजे, म्हणजे गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात खुराक पाहिजे. पहिल्या दोन दिवसांत माणूस वाड्यावर हजर पाहिजे, चीक दोघांच्या पोटात गेला का बघायला. नाही तर जुळ्यातलं एक जातं आणि कधी दोन्ही जातात. आमच्यातल्या फिरत्या वाड्यावर कितीतरी म्हातारे म्हणतात, एकच दे पण दणकट दे. फिरत्या माणसाचं ते बरोबरच आहे. एका जागी राहणाऱ्याला जुळं परवडतं.

सड्यावरचा_डॉक्टर

यात एक व्यवहाराची गोष्ट. ज्या मेंढ्यात त्या जनुकाच्या दोन्ही प्रती आहेत तो आपल्या प्रत्येक मुलीला एक प्रत देतोच. एकच प्रत असलेल्या मेंढ्याच्या निम्म्याच मुलींना मिळते. विकत घेताना तपासणीचा कागद मागा, तोंडी हमीवर जाऊ नका. एका ओळखीच्या माणसाला कुणा दलालाने ‘जुळ्यांचा मेंढा’ म्हणून साधाच दख्खनी गळ्यात मारला होता. मुली वयात येऊन वेल्या तेव्हा उमगलं, तोवर दोन वर्षं गेली होती.

मेंढा हा अर्धा कळप. चाळीस मेंढ्यांचे दोष चाळीस ठिकाणी विखुरतात, मेंढ्याचा दोष प्रत्येक कोकरात जातो. पंचवीस-तीस माद्यांमागे एक, आणि दोन वर्षांनी बदला, नाही तर तो आपल्याच मुलींवर जाईल. तसं झालं की कोकरं बारकी, मर जास्त, आणि माणूस मात्र चाऱ्याला दोष देत बसतो.

कोकणापुरतं माझं मत: किनाऱ्यावरच्या ज्या मेंढ्या मुळात आहेत त्या बघा. आंध्रची नेल्लोर, अंगावर लोकर नाही, आखूड केस. ओडिशाची केंद्रापाडा, मटणाची. सुंदरबनची गरोळ गुडघाभर पाण्यात चरते, तिलाही लोकरीसाठी कुणी पाळत नाही. पूर्व किनाऱ्याने निवड आधीच करून ठेवलीय. दमट हवेत लोकर हे ओझं आहे. तेव्हा दख्खनीच घ्यायची तर कमी लोकरीच्या, पोट-पाय उघडे असलेल्या माद्या निवडा आणि मृगाआधी कातरून घ्या.

कोकण_कन्याळ_समर्थक

कुणीच बोललं नाही म्हणून बोलतो. आपल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण कन्याळ शेळी आहे. सिंधुदुर्गातली, या पावसात मुरलेली, काळी, तोंडावर पांढरे पट्टे. घाटावरून मेंढी आणून तिला पोहायला शिकवण्यापेक्षा इथली शेळी काय वाईट?

कातळावरचा_मी

आईने नाही म्हटलंय दादा. पहिल्याच पोस्टमध्ये आहे.

कोकण_कन्याळ_समर्थक

आईंचा नंबर द्या, मी बोलतो.

हापूसवाला

आई बरोबर आहेत. शेळीला कलमाचा शेंडाच लागतो. मेंढीने माझ्या बागेतलं गवत साफ केलंय, मोठ्या झाडांना तोंड लावलं नाही. दोन-तीन वर्षांच्या रोपांना मात्र कुंपण हवंच. मी स्वतः मेंढ्या पाळत नाही, थंडीत घाटावरून येणाऱ्या एका ओळखीच्या वाड्याला बोलावतो. गवतही जातं, खतही मिळतं, वणव्याची भीती कमी.

पण एक गोष्ट लिहून ठेवा. मोहोर आल्यापासून आपण फवारण्या करतो, आणि औषध झाडावर मारलं तरी खालच्या गवतावर पडतंच. फवारलेल्या बागेत जनावर सोडायचं नाही. म्हणजे नेमकं गवत वाळायच्या वेळी बाग बंद. तेव्हा चराई कातळावर आणि काजूत, हापूसमध्ये फक्त पाऊस संपल्यापासून पहिल्या फवारणीपर्यंत.

सीए_सुलभा

हापूसवाल्यांनी न बोलता हिशेबच बदलला. चाळीस मेंढ्यांची लेंडी वर्षभर गोळा केली तर कलमांना विकतच्या खताची किती पोती वाचतील ते मांडा. ते उत्पन्न वहीत कुणी लिहीत नाही, कारण ते बाजारात न जाता थेट आळ्यात जातं. मला तर वाटतं कोकणात लोकरीच्या रकान्यात शून्य आणि खताच्या रकान्यात खरा आकडा लिहायला हवा.

घोंगडीवाली

शून्य नको लिहू गं. लोकरही आळ्यात घाला. कातरलेली मळकट लोकर कलमाच्या बुंध्याभोवती पसरून वर पालापाचोळा टाकला तर ओल धरते आणि सावकाश कुजत नत्र देते. कातळात सुरुंग लावून केलेल्या खड्ड्यात माती ती किती असते, तिथे उन्हाळ्यात उपयोग होईल. विकायला माल नसेल तर निदान फेकू नका.

निवृत्त_नाना

घोंगडीवालीबाई, ही सूचना मात्र मनापासून आवडली. मेरिनोचा हट्ट सोडतो. पण गोठ्याचं कुणी बोललं नाही. पावसाचे चार महिने जनावर राहणार कुठे?

सड्यावरचा_डॉक्टर

जमिनीपासून उचललेला गोठा. जांभ्याच्या खांबांवर फळ्यांची किंवा जाळीची तक्तपोशी, फटीतून लेंडी-मूत खाली. पाय कोरडे राहतात, लेंडी आपोआप गोळा होते. पावसाची झड येते त्या बाजूने आडोसा, बाकी हवा खेळती. दारे घट्ट, कारण बिबट्या सड्यावर येतोच. पावसाआधी आंत्रविषाराची लस, पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची) लस वेळापत्रकाप्रमाणे, जंताचं औषध लेंडी तपासून. आणि पावसात भाताच्या खाचरांकडे चरायला अजिबात नाही. कातळावर पाणी साचत नाही, तो तुमचा फायदा आहे. गवत जून-जुलैत कोवळं असताना त्यात पाणीच फार असतं, तेव्हा वाळला चारा सोबत हवा. आदल्या वर्षीच्या गवताची गंजी राखून ठेवा.

पेणकर_भातवाला

एक शंका. इतकं सगळं करण्यापेक्षा पावसाळ्यात मेंढ्याच न ठेवणं सोपं नाही का? दिवाळीनंतर कोकरं विकत घ्यायची, गवतावर वाढवायची, मे महिन्यात विकून मोकळं. पैदास घाटावरच्यांनी करावी, गवत आपण द्यावं.

लोणंदकर

पेणकर, हे बेस्ट. यात पैदाशीची डोकेदुखी नाही, जात कोणतीही चालेल, फक्त वाढीची पाहिजे. माडग्याळ संकराची तीन-चार महिन्यांची नर कोकरं घ्यावीत. आणताना पंधरा दिवस वेगळी ठेवायची, लस-जंत करून घ्यायचं. बकरी ईद मे-जूनच्या आसपास आली तर नरांना भावही बरा लागतो, पण ती दर वर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकते, तिच्यावर कायमचा हिशेब बांधू नका.

सीए_सुलभा

आणि भांडवल सहा महिन्यांत फिरतं. माझं मत यालाच.

फक्त एक, गाव मटण खाणारं आहे का?

मालवणी_माणूस

ताई, कोकणात ह्यो प्रश्न इचारतंस? पण आमका बोकडाचा लागता. मेंढराचा मटान म्हटल्यार अर्धी पंगत उठता. ता हिशेबात धर.

लोणंदकर

म्हणून तर विकायला घाटावरचाच व्यापारी बघा. गाडीभाडं धरून.

कातळावरचा_मी

सगळ्यांचे आभार. आईला सगळा धागा वाचून दाखवला, तिला पेणकरांची कल्पना पटली. मेरिनो बाद. या दिवाळीनंतर वीसेक माडग्याळ संकराची नर कोकरं आणायची, कातळ आणि काजूतच चारायची, मे महिन्यात विकायची. ते जमलं आणि उचललेला गोठा खिशाला झेपला, तर पुढच्या वर्षी दहा नारी सुवर्णा माद्या आणि कागदपत्र असलेला एक मेंढा. कातरलेली लोकर आळ्यात.

आता दोन प्रश्न उरले. राज्य सरकारच्या महामेष योजनेत वीस माद्या आणि एका नर मेंढ्याला अनुदान आहे असं ऐकलं, ते मला मिळेल का? आणि राजापुरातून कोकरं आणायला कुठला घाट बरा, गाडी लहान असेल तर?

सीए_सुलभा

ती योजना भटक्या जमाती ‘क’ प्रवर्गासाठी, म्हणजे धनगर समाजासाठी आहे, ७५ टक्के अनुदान. त्यात बसत नसाल तर पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात इतर योजना विचारा.

लोणंदकर

अणुस्कुरा तुम्हाला जवळ, पण वळणं बघता भरलेली गाडी रात्री नको. पहाटे निघा, आणि कोकरांना निघण्याआधी पोटभर पाणी पाजू नका, गाडीत एकमेकांवर घसरतात. खाली गवत अंथरा. येण्याआधी इथं कळवा, दात आणि पाय बघून मीच निवडून देतो.

मालवणी_माणूस

आणि येताना एक कांबळा घेऊन ये.